निरुपद्रवी

ब्लॉगवर बरेच दिवस इतिहासाचं काही लिहिलं नव्हतं. या वेळी डुकरांच्या एका रोगाबद्दल लिहितोय असं घरी सांगितलं, तर आई म्हणाली, "तुला दुसरं काही सुचलं नाही का रे?" आणि मामाचा सल्ला असा, की शीर्षकात डुक्कर हा शब्द घालू नकोस, आपल्याकडचं कुणी उघडणार नाही. मामाचं ऐकलंय. पण पुढे डुकरं आहेत, भरपूर आहेत. ज्यांना चालणार नसेल त्यांनी इथूनच रजा घ्यावी. बाकीच्यांनी चहा घेऊन बसावं, लेख जरा लांबलाय.

खरं सांगायचं तर मला या गोष्टीत डुकरांपेक्षा एका शब्दाचं कुतूहल जास्त आहे. तो शब्द म्हणजे 'निरुपद्रवी'. तपासणीच्या अहवालात हा शब्द दिसला की आपण सुटकेचा नि:श्वास टाकतो आणि कागद फाइलमध्ये ठेवून देतो. डुकरांमधल्या सर्कोव्हायरस नावाच्या विषाणूला हा शब्द अगदी सुरुवातीलाच चिकटला. चिकटवणाऱ्यांनी काम चोख केलं होतं. तरीही पुढे जे व्हायचं ते झालंच. त्याची ही हकिगत.

सुरुवात पश्चिम बर्लिनमध्ये होते. साल १९७४. रॉबर्ट कॉख इन्स्टिट्यूटमध्ये इल्झे टिशर आणि त्यांचे सहकारी डुकराच्या मूत्रपिंडाच्या पेशी तपासत होते. विषाणू नुसता पाण्यात किंवा रश्श्यात वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागतात. म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये काही ठरावीक पेशी वर्षानुवर्षं वाढवत ठेवलेल्या असतात. आपल्याकडे शेजारणीकडून विरजण आणायचं, आपलं दही लावायचं, त्यातलं थोडं पुढच्या दह्याला ठेवायचं, आणि कधीतरी तिसऱ्या घरी द्यायचं, तसंच हे. डुकराच्या मूत्रपिंडाच्या अशाच एका विरजणाचं नाव पीके-१५. किती प्रयोगशाळांमध्ये ते पोचलं होतं याची गणती नाही.

त्या पीके-१५ मध्ये टिशर यांना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बारीक बारीक कण दिसले. कुणी मुद्दाम घातलेले नव्हते. पेशी मरत नव्हत्या, सुकत नव्हत्या, छान वाढत होत्या. म्हणजे विरजणातच कुणीतरी बिनबोलावता राहायला आलेलं होतं आणि घरच्यांना पत्ताच नव्हता.

पुढची आठ वर्षं हे कण काय आहेत ते शोधण्यात गेली. १९८२ च्या जानेवारीत 'नेचर' मध्ये टिशर आणि सहकाऱ्यांचा लेख आला. हा खरोखरच विषाणू होता, आणि वेगळाच होता. त्याचा डीएनए एकेरी धाग्याचा होता आणि त्या धाग्याची दोन्ही टोकं जुळून वर्तुळ झालेलं होतं. प्राण्यांच्या विषाणूत असं वर्तुळ तोवर कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून नाव पडलं सर्कोव्हायरस. आकार फक्त १७ नॅनोमीटर. फ्लूचा विषाणू साधारण १०० नॅनोमीटरचा असतो, त्यावरून अंदाज करा. त्याच्या डीएनएची अक्षरं मोजली तर १,७५९. आपल्या माणसांची ३०० कोटींच्या वर आहेत.

मग साहजिकच प्रश्न आला, हा करतो काय? त्यांनी जर्मनीतल्या डुकरांचं रक्त तपासलं. बहुसंख्य डुकरांमध्ये त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडीज सापडल्या. म्हणजे हा फक्त काचेच्या बाटलीतला पाहुणा नव्हता, गोठ्यागोठ्यात फिरत होता. मग त्यांनी छोट्या जातीच्या डुकरांना तो विषाणू टोचला आणि वाट पाहिली. ताप नाही, अशक्तपणा नाही, काही नाही. १९८६ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सगळीकडे आहे आणि कुणालाच त्रास देत नाही, असा हा विषाणू. निरुपद्रवी.

इथे थोडं थांबून या संस्थेच्या नावाबद्दल सांगायला हवं, कारण पुढे ते लागणार आहे. रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू शोधल्याचं बर्लिनमध्ये जाहीर केलं ते १८८२ च्या मार्चमध्ये. म्हणजे टिशर यांच्या लेखाच्या आधी जवळजवळ १०० वर्षं. रोगाचं कारण म्हणून एखाद्या जंतूवर बोट ठेवायचं तर काय काय सिद्ध करायला हवं, याच्या कसोट्या त्याच्याच नावानं ओळखल्या जातात. सोप्या भाषेत अशा: तो जंतू रोग झालेल्या प्रत्येकात सापडला पाहिजे आणि निरोग्यात सापडता कामा नये. तो वेगळा काढून शुद्ध स्वरूपात वाढवता आला पाहिजे. वाढवलेला जंतू निरोगी प्राण्याला दिल्यावर तोच रोग झाला पाहिजे. आणि त्या प्राण्यातून तोच जंतू पुन्हा मिळाला पाहिजे.

हे कॉखसाहेब आपल्याकडेही येऊन गेलेत बरं का. १८८३-८४ मध्ये कॉलऱ्याच्या शोधात कोलकात्याला, आणि १८९७ मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईला. त्याच वर्षी त्यांनी कुमाऊँच्या डोंगरातल्या मुक्तेश्वरच्या पशुरोग प्रयोगशाळेलाही भेट दिली. ही प्रयोगशाळा म्हणजे आजची भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्था, आयव्हीआरआय. तिचा जन्म मात्र पुण्याचा! ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढे ज्याचं इंजिनिअरिंग कॉलेज झालं तिथे, ती सुरू झाली आणि १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलली. पुण्याच्या मंडळींना अभिमान वाटायला आणखी एक कारण. (जणू कमीच होती.) असो.

तर कॉखच्या कसोट्या लावल्या तर बर्लिनचा निकाल बिनचूक होता. रोगच नाही, मग आरोपी कुठला?

आता आपल्याला अटलांटिक ओलांडून कॅनडात जायचंय. सस्कॅचवान हा तिथला सपाट, गव्हाच्या शेतांचा प्रांत. १९९१ च्या सुमारास तिथल्या डुकरांच्या एका कळपात पिल्लं खंगायला लागली. पशुवैद्य जॉन हार्डिंग आणि सस्काटूनच्या पशुवैद्यक महाविद्यालयातले रोगनिदानतज्ज्ञ एडवर्ड क्लार्क यांनी हा प्रकार नीट पाहिला आणि १९९६ मध्ये व्यावसायिक बैठकांमधून इतरांपुढे मांडला.

पिल्लं जन्मतः ठीक असायची. आईचं दूध प्यायची, वाढायची. दूध तोडल्यावर काही आठवडे तीही बरी जायची. मग साधारण सात ते पंधरा आठवड्यांच्या वयात, एकाच खणातल्या, एकाच आईच्या पिल्लांमधली काही रोडावायला लागायची. पाठीचा कणा वर यायचा. कातडी फिकुटलेली, कधी कावीळ झाल्यासारखी पिवळी. धाप लागायची, जुलाब व्हायचे. जांघेतल्या गाठी हाताला लागतील एवढ्या सुजलेल्या. औषधांचा उपयोग होत नसे. शेजारचं भावंड मात्र गुबगुबीत. नाव पडलं पोस्टवीनिंग मल्टिसिस्टेमिक वेस्टिंग सिंड्रोम. आपल्या भाषेत, दूध तुटल्यानंतरचं खंगणं.

चमत्कारिक गोष्ट अशी, की जिथे हे पहिल्यांदा नजरेला आलं ते कळप घाणेरडे, दुर्लक्षित नव्हते. उलट नेहमीच्या रोगांपासून मुक्त म्हणून जपलेले, बाहेरचा माणूस आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय आत येऊ शकणार नाही अशा शिस्तीचे होते. त्यामुळे ओळखीच्या सगळ्या संशयितांची नावं आधीच खोडली गेली होती. माझ्या मते रोग तिथे दिसला याचं एक कारण हेही असावं. गोंगाटात जो आवाज ऐकू आला नसता तो शांततेत ऐकू आला.

मेलेल्या पिल्लांच्या गाठी कापून पाहिल्या तर प्रतिकारशक्तीच्या पेशी जवळजवळ नाहीशा झालेल्या. त्या जागी दुसऱ्याच पेशींची गर्दी आणि त्यांच्या आत द्राक्षाच्या घडासारखे गोळे. आता गंमत बघा. या गोळ्यांवर बर्लिनच्या जुन्या, निरुपद्रवी विषाणूविरुद्धच्या अँटीबॉडीज टाकल्या तर त्या जाऊन चिकटत होत्या! म्हणजे निर्दोष सुटलेला माणूसच घटनास्थळी सापडला म्हणायचा.

पण तो नव्हता. तो त्याचा भाऊ होता. १९९८ मध्ये सस्काटूनच्या जॉन एलिस यांच्या गटानं आणि बेलफास्टच्या गॉर्डन अ‍ॅलन यांच्या गटानं आजारी डुकरांमधून विषाणू वेगळा काढला. त्याचा डीएनए वाचला, तर अक्षरं १,७६८, म्हणजे मूळच्यापेक्षा नऊच जास्त. वर्तुळ तसंच, आकार तसाच. पण दोघांची अक्षरं जुळवून पाहिली तर साम्य ८० टक्क्यांहूनही कमी. मग बर्लिनच्या विषाणूला पीसीव्ही-१ आणि या नव्याला पीसीव्ही-२ अशी नावं मिळाली.

म्हणजे टिशर यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी ज्याला तपासलं तो खरंच निरुपद्रवी होता, आजही तसाच मानला जातो. पण 'हा विषाणू निरुपद्रवी आहे' या वाक्याचं लोकांच्या डोक्यात 'सर्कोव्हायरस निरुपद्रवी असतात' असं कधी झालं ते कुणालाच कळलं नाही. एका माणसाची चौकशी करून अख्ख्या आडनावाला प्रमाणपत्र देण्यातला हा प्रकार. रक्ततपासणीही बर्लिनच्या विषाणूवरून बेतलेली होती, आणि या दोन भावांच्या अँटीबॉडीज काही अंशी एकमेकांना ओळखतात. त्यामुळे १९८० च्या दशकात ज्या डुकरांमध्ये पहिला भाऊ आढळला म्हणून नोंद झाली, त्यातल्या काहींमध्ये कदाचित दुसराच असेल, अशी शंका मला राहून राहून येते.

ही नुसती शंका नाही म्हणायला एक आधार आहे. जर्मनीत शवविच्छेदनानंतर मेणात बुजवून ठेवलेले डुकरांच्या अवयवांचे तुकडे पुढे संशोधकांनी पुन्हा बाहेर काढले आणि २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. उत्तर जर्मनीच्या त्या संग्रहात पीसीव्ही-२ १९६२ सालच्या तुकड्यातही सापडला! आणि खंगण्याच्या रोगाची पहिली खूण मात्र १९८५ च्या तुकड्यात. म्हणजे बर्लिनमध्ये काचेच्या बाटलीत पहिला भाऊ सापडला तेव्हा दुसरा त्याच देशातल्या गोठ्यांमध्ये किमान एक तप राहत होता.

मग मधली वीस-पंचवीस वर्षं तो गप्प का बसला?

या प्रश्नानं संशोधकांना चांगलंच घोळवलं. कारण विषाणू सापडला तरी कॉखच्या कसोट्या काही पुऱ्या होईनात. पहिली कसोटी तर सरळच नापास. पीसीव्ही-२ आजारी डुकरांत होता, तसाच निरोगी डुकरांतही होता. जिथे बघावं तिथे होता. तिसरी कसोटीही अडली. निरोगी पिल्लांना नुसता पीसीव्ही-२ दिला तर बहुतेक वेळा काहीच होत नसे. एखादं पिल्लू खंगायचं, बाकीची मजेत. १९९९ मध्ये पीसीव्ही-२ बरोबर पार्व्होव्हायरस दिल्यावर मात्र तो रोग प्रयोगशाळेत हुबेहूब उभा राहिला. पुढे श्वसनाच्या दुसऱ्या एका विषाणूबरोबर, फुप्फुसातल्या मायकोप्लाझ्मा जंतूबरोबरही तसंच घडलं.

सगळ्यात चक्रावून टाकणारा प्रयोग ओहायोमध्ये स्टीव्हन क्राकोव्का यांच्या गटानं केला आणि २००१ मध्ये छापला. त्यांनी पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेली पिल्लं घेतली. काहींना नुसता पीसीव्ही-२ दिला. काहींना पीसीव्ही-२ आणि वर समुद्रातल्या एका शंखाच्या प्राण्याचं प्रथिन टोचलं. हे प्रथिन विषारी नाही, फक्त प्रतिकारशक्तीला डिवचतं. नुसता विषाणू मिळालेली पिल्लं ठणठणीत राहिली. डिवचलेली खंगली.

याचं स्पष्टीकरण असं दिलं गेलं: इतक्या चिमुकल्या विषाणूकडे स्वतःचा डीएनए उतरवून घ्यायची यंत्रणाच नसते. पेशी जेव्हा स्वतःच्या विभाजनासाठी डीएनएची नक्कल काढायला बसते, तेव्हा हा आपलाही कागद पुढे सरकवतो. प्रतिकारशक्ती डिवचली की तिच्या पेशी भराभर वाढतात, आणि याचं फावतं. म्हणजे दुसऱ्या कुठल्या शत्रूसाठी शरीरानं फौज उभी करायला घ्यावी आणि त्याच धामधुमीत यानं आपला संसार वाढवावा. पुढे फौजच नाहीशी व्हावी.

हे वाचल्यावर वीस-पंचवीस वर्षांच्या शांततेचा थोडाफार उलगडा होतो. १९६० च्या आणि १९९० च्या दशकात डुकरं तीच होती, त्यांचं जगणं बदललं होतं. कळप शेकड्यांवरून हजारांवर गेले होते. पिल्लं लवकर आईपासून तोडली जात होती, कधी तीन आठवड्यांच्या आतच. वेगवेगळ्या आयांची, वेगवेगळ्या ठिकाणची पिल्लं एकत्र कोंबली जात होती. प्रत्येकाबरोबर त्याच्या गोठ्यातले जंतू. डिवचायला आणखी काय हवं? हेच एकमेव कारण असं कुणी म्हणत नाही. विषाणूही बदलत होता. २००४ ते २००६ च्या दरम्यान कॅनडा आणि अमेरिकेत रोगानं पुन्हा उसळी मारली तेव्हा पीसीव्ही-२ चा एक नवा उपप्रकार पसरलेला आढळला. पण सगळा दोष जंतूच्या माथी मारून गोठ्याला मोकळं सोडता येत नव्हतं, एवढं नक्की.

आणि हे सगळ्यात आधी ज्यानं ओळखून वापरलं तो माणूस मला या सगळ्या कथेत फार आवडतो. फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतात प्लूफ्रागाँ इथे फ्रांस्वा मादेक म्हणून पशुवैद्य होते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथले शेतकरी या रोगानं टेकीला आले होते. लस नव्हती, औषध नव्हतं, आणि प्रयोगशाळांमध्ये वाद चालू होता की विषाणू खरा दोषी की नुसता बघ्या. मादेक यांनी निकालाची वाट पाहिली नाही. त्यांनी २० कलमांची एक यादी केली. पिल्लांची सरमिसळ करू नका. खण लहान ठेवा, मधल्या भिंती भरीव घ्या. एक तुकडी गेली की खण पूर्ण रिकामा करून धुवा, मगच दुसरी आणा. गर्दी कमी करा. हवा, ऊब सांभाळा. एका आईची पिल्लं दुसरीला लावायची तर पहिल्या दिवसातच लावा. आजारी पिल्लू लगेच वेगळं काढा. आपल्या आज्जींनी गोठा बघून सांगितल्या असत्या अशाच या गोष्टी. ज्यांनी त्या मनापासून पाळल्या त्यांच्या गोठ्यात मरणं खरंच कमी झाली.

दुसरीकडे ब्रिटनमध्ये या रोगानं एक वेगळाच घोटाळा केला. १९९९ पासून तिथे खंगण्याची साथ पसरली, आणि तिच्या जोडीनं पीडीएनएस नावाचा त्वचेचा आणि मूत्रपिंडाचा आजारही दिसू लागला. त्यात डुकरांच्या मागच्या पायांवर, मांड्यांवर लालजांभळे चट्टे येतात. पशुवैद्यांच्या डोळ्यांना हे चट्टे सवयीचे झाले. आता असेच चट्टे क्लासिकल स्वाइन फीव्हर या भयंकर साथीच्या रोगातही येतात, ज्यात एक डुक्कर सापडलं तरी सगळा कळप मारावा लागतो. २००० च्या ऑगस्टमध्ये पूर्व इंग्लंडमध्ये तोच रोग आला. तिथल्या कळपांत खंगणं आणि चट्टे आधीपासून होतेच, त्यामुळे सुरुवातीला तो ओळखणं अवघड गेलं. शेवटी १६ फार्मवर तो निश्चित झाला. म्हणजे या विषाणूनं स्वतः मारलं ते वेगळं, शिवाय दुसऱ्या मारेकऱ्याला आडोसाही दिला.

अखेर वादाचा निकाल लावला तो लशीनं. २००४ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीत गाभण डुकरिणींसाठी पहिली लस विशेष परवानगीनं वापरात आली. उत्तर अमेरिकेत २००६ पासून पिल्लांच्या लशी आल्या. इतक्या कारणांनी होणारा रोग, त्यातल्या एकाच कारणाविरुद्धच्या लशीनं किती फरक पडणार, असं अनेकांना वाटत होतं. पण फरक डोळ्यांत भरण्यासारखा पडला. पीसीव्ही-२ ला रोखलं की बाकीची कारणं तिथेच असूनही पिल्लं खंगत नव्हती. कॉखच्या कसोट्यांनी पुढून जे सिद्ध होईना ते लशीनं मागच्या दारानं सिद्ध केलं: हा एकटा पुरेसा नसेल, पण याच्याशिवाय ते होत नाही.

लशीनं आणखी एक गोष्ट उघडी केली, आणि तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जिथे कुणी खंगत नव्हतं, सगळं आलबेल होतं, अशा कळपांतही लस दिल्यावर डुकरं आधीपेक्षा चांगली वाढायला लागली. म्हणजे तिथेही विषाणू आपला हप्ता वसूल करत होताच. दर डुकरामागे थोडं वजन, थोडे दिवस. पण सगळ्यांकडूनच घेत असल्यामुळे तीच सामान्य वाढ समजली गेली होती. तुलना करायला निरोगी कळपच उरला नव्हता.

आणि आपला पहिला भाऊ? त्याचंही सोनं झालं. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात एक्स. जे. मेंग यांच्या गटानं निरुपद्रवी पीसीव्ही-१ चं अंग घेतलं आणि त्याला पीसीव्ही-२ चं बाहेरचं कवच चढवलं. शरीराला ओळख पटते ती मारेकऱ्याच्या चेहऱ्याची, आत मात्र गरीब भाऊ. २००६ मध्ये अमेरिकेत आलेल्या एका लशीत असाच जोडविषाणू निष्क्रिय करून वापरला होता. बर्लिनच्या बाटलीतला तो बिनबोलावता पाहुणा असा कामाला आला.

पण त्याची एक चौकशी अजून बाकी होती, आणि ती डुकरांच्या नाही तर माणसांच्या बाळांवरून झाली.

२०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या संशोधकांनी जिवंत विषाणूंच्या आठ लशी घेतल्या आणि त्यांतला सगळा डीएनए-आरएनए वाचून काढला. लहान बाळांना जुलाबाच्या रोटाव्हायरसविरुद्ध तोंडावाटे द्यायच्या रोटारिक्स या लशीत त्यांना पीसीव्ही-१ सापडला. लशीसाठी पेशी वाढवताना डुकराच्या स्वादुपिंडातलं ट्रिप्सिन वापरलं जातं, तिथून तो आला असावा असं मानलं गेलं. पुन्हा तेच, विरजणातच पाहुणा. २२ मार्च २०१० रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं या लशीचा वापर तात्पुरता थांबवायला सांगितलं. पुढे रोटाटेक या दुसऱ्या लशीतही पीसीव्हीच्या डीएनएचे अंश आढळले.

त्या दिवसांत ज्यांच्या घरी तान्हं बाळ होतं त्यांची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करा. 'डुकराचा विषाणू' हे दोन शब्द पुरेसे होते. आणि दुसऱ्या पारड्यात काय होतं, तर जगात दरवर्षी साडेचार-पाच लाख मुलांचा जीव घेणारा रोटाव्हायरस, ज्यात आपल्या देशातल्या मुलांचा वाटा फार मोठा होता. घाबरून लस कायमची बंद केली असती तर त्याची किंमत त्या मुलांनी दिली असती. आणि 'तो काय, निरुपद्रवीच आहे' म्हणून माहिती दाबली असती तर पुढच्या प्रत्येक लशीवरचा विश्वास गेला असता.

यातलं काहीच झालं नाही. लस थांबवली, माहिती लोकांपुढे ठेवली, तज्ज्ञांची समिती बसवली. आधी लस घेतलेल्या मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पीसीव्ही-१ नं माणसाला रोग झाल्याचा पुरावा आहे का ते पाहिलं गेलं. मिळाला नाही. डुकराचं मांस खाणाऱ्यांच्या पोटात तर तो नेहमीच जात असणार, हेही लक्षात घेतलं गेलं. १४ मे २०१० रोजी, म्हणजे आठ आठवड्यांच्या आत, लस पुन्हा सुरू झाली. शब्द शेवटी तोच आला, निरुपद्रवी. पण या वेळी कुणासाठी, कशावरून, आणि कशाच्या तुलनेत, हे त्याच्यासोबत लिहिलेलं होतं. १९८६ च्या आणि २०१० च्या निरुपद्रवीमध्ये मला हाच फरक दिसतो. पहिला शब्द लोकांनी त्याच्या अटींपासून सोडवून घेतला. दुसरा अटींसकट ठेवला.

आपल्याकडे हा विषय फक्त जर्मनी-कॅनडाचा नाही. पुण्यात जन्मलेल्या त्याच आयव्हीआरआयच्या इज्जतनगरच्या संशोधकांनी २०१० मध्ये उत्तर भारतातल्या मेलेल्या जन्मलेल्या आणि न वाढणाऱ्या पिल्लांत पीसीव्ही-२ आणि पार्व्होव्हायरस सापडल्याचं नोंदवलं. ईशान्य भारतात, गोव्यात, झारखंडात घरामागे दोन-चार डुकरं पाळणाऱ्या कुटुंबासाठी ती शाळेच्या फीची, आजारपणाची शिल्लक असते. तिथे एखादं पिल्लू वाढलंच नाही तर 'ते पहिल्यापासूनच किरटं होतं' असं म्हणून सोडून दिलं जातं. नुकसान होतं, पण त्याला रोगाचं नाव मिळत नाही.

गोष्ट अजून चालूच आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या डुकरांत पीसीव्ही-३ सापडल्याचं जाहीर झालं. चीनच्या हूनान प्रांतात २०१९ मध्ये घेतलेल्या नमुन्यांत पीसीव्ही-४ मिळाला. दोघेही आजारी डुकरांत आहेत आणि निरोगी डुकरांतही. प्रश्न पुन्हा तोच, दोषी की बघ्या? बरं वाटतं ते एवढ्यासाठी, की या वेळी कुणी घाईनं फाइल बंद केलेली नाही. मेणातले जुने तुकडे पुन्हा काढून तपासले जातायत, दुसऱ्या जंतूंच्या सोबतीनं काय होतं ते पाहिलं जातंय, आणि गोठ्यातली गर्दीही मोजली जातेय.

मादेक यांची २० कलमं तोवर पाळायला हरकत नाही. त्यांना कुठल्याच निकालाची गरज पडत नाही.